सक्तीच्या सैनिकाला कायम सैनिकाइतके वेतन मिळायला हवे का?

दीर्घिका

सक्तीच्या लष्करी सेवेची चर्चा जगात पुन्हा जोर धरू लागली आहे. स्वीडनने ती परत आणण्याचा निर्णय २०१७ साली घेतला, डेन्मार्कने २०२५ पासून अठरा वर्षांच्या मुलींनाही सोडतीत घेतले, आणि जिथे ती कधी बंदच झाली नव्हती तिथेही मुदत वाढवावी की कमी करावी यावर वाद चालू आहेत. माणसे किती लागतील, किती महिने लागतील, मुलींना घ्यावे की नाही, हे प्रश्न हिरिरीने मांडले जातात. पण ज्यांना बोलावले जाते त्यांच्या हातावर महिनाअखेर काय ठेवायचे, हा प्रश्न सगळ्यांत शेवटी, तोही उभ्या उभ्या उरकला जातो.

माझे म्हणणे थोडक्यात मांडते. एकाच चौकीवर, एकाच हुद्द्याचे दोन सैनिक पहारा देत आहेत. एकाने सैन्य हा पेशा म्हणून निवडला आहे, तर दुसऱ्याच्या घरी बोलावणे आले आणि नाही म्हटले असते तर त्याला तुरुंगात जावे लागले असते. पहिल्याला घर चालवता येईल असा पगार मिळतो, आणि दुसऱ्याला अनेक देशांत जेमतेम वरखर्चापुरते पैसे मिळतात. ज्याच्यापुढे निवड होती त्याला जास्त आणि ज्याच्यापुढे ती नव्हती त्याला कमी, हा क्रम मला कोणत्याही बाजूने न्याय्य वाटत नाही.

'कर्तव्याचे पैसे मागायचे नसतात' हे उत्तर मला ठाऊक आहे. पण न्यायाधीश, परिचारिका आणि अग्निशामक दलातले जवानही कर्तव्यच करतात, आणि त्यांचा पगार ही कर्तव्याची विटंबना आहे असे कोणी म्हणत नाही. समान हुद्दा आणि समान काम असेल तर समान मूळ वेतन असावे, असे माझे मत आहे. आपली मते वाचायला आवडतील, विशेषतः ज्यांनी गणवेश घातला आहे त्यांची.

अनुस्वार

विषय महत्त्वाचा आहे आणि यावर मराठीत फारसे वाचायला मिळत नाही, त्यामुळे धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

जुनापहारेकरी

दीर्घिका, तुम्ही गणवेश घातलेल्यांना विचारले म्हणून लिहितो. मी आयुष्यभर पायदळात होतो आणि तुमच्याशी अर्धाच सहमत आहे.

तुम्ही दोन सैनिक एका चौकीवर उभे केलेत, पण ते त्या एका रात्रीपुरतेच सारखे आहेत. कायम सैनिकाला मिळणारा पगार हा त्या रात्रीचा मोबदला नसतो. दर दोन-तीन वर्षांनी होणारी बदली, मुलांच्या मोडलेल्या शाळा, सतत घर बदलावे लागल्यामुळे पत्नीची कधीच न जमलेली नोकरी, चाळिशीच्या आत थकलेले गुडघे आणि निवृत्तीनंतर दुसऱ्या क्षेत्रात शून्यापासून करावी लागणारी सुरुवात, या सगळ्याचा तो मोबदला असतो. सक्तीने आलेला मुलगा वर्षाभरात परत जातो. त्याचे वर्ष जाते हे खरे, पण त्याचे आयुष्य त्या पेशाच्या साच्यात ओतले जात नाही.

शिवाय तो मुलगा कामाचा होईपर्यंत त्याची निम्मी मुदत संपलेली असते. पहिले काही महिने त्याला शिकवणे हेच कायम सैनिकाचे काम होऊन बसते. हे सांगण्यात त्याचा कमीपणा नाही, कारण मीही पहिल्या वर्षी तसाच होतो; पण वेतन ठरवताना ही गोष्ट डोळ्याआड करता येणार नाही.

एक अनुभव मात्र तुमच्या बाजूने सांगतो. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत मी एकदा होतो. तिथे संयुक्त राष्ट्रे प्रत्येक सैनिकामागे त्याच्या सरकारला सारखीच रक्कम देतात. २०१८ साली ती महिना १,४२८ डॉलर ठरली होती. त्यातून आपल्या सैनिकाला किती द्यायचे हे ज्याचे त्याचे सरकार ठरवते. सैनिकाच्या स्वतःच्या हातात संयुक्त राष्ट्रांकडून थेट पडतो तो दिवसाला १.२८ डॉलरचा किरकोळ भत्ता, आणि तो सगळ्या देशांच्या सैनिकांना सारखा असतो. आमच्या शेजारच्या तळावर दुसऱ्या देशाची तुकडी होती. एकाच रस्त्यावर आळीपाळीने गस्त घालायची, एकाच वळणावर सुरुंगांसाठी डोळे फाडून बघायचे, आणि तळावर परतल्यावर वाळूच्या पोत्यांना टेकून चहा पिताना कोणाला घरून किती मिळते हे बोलणे निघाले की दोन्हीकडची माणसे गप्प होत. त्या शांततेत कटुता होती, आणि तिचा गस्तीवर परिणाम होई, हे मी नाकारणार नाही.

पैलतीर

मी बरीच वर्षे दक्षिण कोरियात राहते आहे. तिथे हा प्रश्न पुस्तकी नाही, घराघरांतला आहे. पायदळातली सक्तीची सेवा १८ महिन्यांची आहे आणि शेजारपाजारच्या प्रत्येक घरातला मुलगा कधी ना कधी डोके भादरून गेलेला असतो.

काही आकडे देते. सक्तीच्या सैनिकांतला सर्वांत वरचा हुद्दा म्हणजे 'प्योंगजांग'. त्याला २०१७ साली महिना २,१६,००० वोन मिळत. २०२२ साली ते ६,७६,१०० झाले, २०२३ साली १० लाख, २०२४ साली साडेबारा लाख आणि २०२५ साली १५ लाख. आठ वर्षांत जवळपास सातपट वाढ झाली. शिवाय सैनिकाने बचत खात्यात पैसे टाकले तर सरकार त्यात तितकीच भर घालते, आणि तिची मर्यादा २०२५ साली महिना साडेपाच लाख वोन आहे.

आता यातला पेच पाहा. दोन्ही मिळून प्योंगजांगच्या नावावर महिना २० लाखांच्या वर रक्कम जमते, आणि नव्याने लागलेल्या, पेशा म्हणून सैन्यात आलेल्या सर्वांत कनिष्ठ 'हासा'चे मूळ वेतनही २० लाखांच्याच आसपास आहे. हासाला वर इतर भत्ते असतात, त्याच्या डोक्यावर पथकाची जबाबदारी असते आणि त्याने काही वर्षांचा करार केलेला असतो. सक्तीच्या मुलांचे वेतन वाढले याचा सर्वांनाच आनंद झाला, पण कनिष्ठ अधिकारी आणि हासा होण्यासाठी येणाऱ्या अर्जांची संख्या घटली. 'तेवढ्याच पैशांत दीड वर्षात सुटका होत असेल तर मी चार वर्षांचा करार कशाला करू?' असा प्रश्न एखाद्या तरुणाने विचारला तर त्याला काय उत्तर द्यायचे?

दीर्घिका, तुमचे तत्त्व मला पटते, पण तळाचे वेतन वर नेले की त्याच्या वरची पायरीही उचलावी लागते, नाहीतर पेशेवर सैनिकच नाराज होतो.

हिशेबनीस

पैलतीर यांचा प्रतिसाद फार उपयुक्त आहे. या प्रश्नाची अर्थशास्त्रीय बाजू मांडतो, कारण माझ्या मते खरा अन्याय सैनिक आणि सैनिक यांच्यामध्ये नाहीच.

समजा, एखाद्या तरुणाला बाहेर महिना १०० मिळाले असते आणि सैन्यात त्याला २० मिळतात. उरलेले ८० कोणी भरले? ते त्याने स्वतःच्या खिशातून भरले. तो एक करच आहे. फक्त तो रोख घेतला जात नाही, श्रमाच्या रूपाने घेतला जातो. तो अंदाजपत्रकात दिसत नाही, म्हणून सैन्य स्वस्त आहे असा समज होतो. प्रत्यक्षात सैन्याचा खर्च तेवढाच असतो, फक्त तो सगळ्या करदात्यांवर विभागला न जाता अठरा-वीस वर्षांच्या मोजक्या मुलांवर टाकला जातो. आणि हा कर उत्पन्न पाहून लावलेला नसतो, जन्मतारीख आणि सोडतीची चिठ्ठी पाहून लावलेला असतो.

अमेरिकेत हाच मुद्दा निर्णायक ठरला. १९६९ साली अध्यक्ष निक्सन यांनी टॉमस गेट्स यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन त्याचे सदस्य होते. १९७० साली आयोगाने एकमताने सक्तीची भरती बंद करण्याची शिफारस केली आणि सक्ती हा छुपा कर आहे हे स्पष्टपणे मांडले. इथे एक बारकावा आहे. अमेरिकेत सक्तीने आलेला आणि स्वेच्छेने आलेला, दोघांचेही वेतन हुद्द्याप्रमाणे सारखेच होते. म्हणजे दीर्घिका यांची अट तिथे पूर्ण होत होती. तरीही अन्याय होताच, कारण सक्तीने माणसे मिळत असल्यामुळे पहिल्या काही वर्षांचे वेतन सगळ्यांसाठीच दाबून ठेवले होते. स्वेच्छेने आलेला मुलगाही त्यात भरडला जात होता. १९७१ साली नव्या शिपायाचे मूळ वेतन जवळपास दुप्पट करावे लागले आणि १९७३ साली सक्तीची भरती थांबली.

तेव्हा समान वेतन ही पुरेशी कसोटी नाही. दोघांनाही सारखेच कमी दिले तरी समानता साधते.

दीर्घिका

हिशेबनीस, शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. माझ्या मांडणीत 'कोणाच्या बरोबरीने' याबरोबरच 'किती' हाही प्रश्न यायला हवा.

जुनापहारेकरी काका, मुलांच्या मोडलेल्या शाळांबद्दल तुम्ही लिहिलेत ते मनाला लागले. पण त्या त्यागाचा मोबदला बदली भत्ता, निवास, सेवाज्येष्ठतेची वाढ आणि निवृत्तिवेतन यांतून द्यावा. तो मूळ वेतनात मिसळला की कोणता पैसा कशासाठी, हेच कळेनासे होते आणि मग जोखमीचे पैसेही पेशाच्या नावाखाली एकालाच मिळतात.

कलमदान

कायद्याच्या अंगाने थोडे. वेठबिगारीवर आंतरराष्ट्रीय बंदी आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९३० सालचा करार क्रमांक २९ त्याच्या मुळाशी आहे. पण त्याच करारात सक्तीच्या लष्करी सेवेला अपवाद आहे, मात्र काम निव्वळ लष्करी स्वरूपाचे असले पाहिजे. युरोपीय मानवी हक्क कराराच्या चौथ्या कलमातही असाच अपवाद आहे.

या अपवादाचा परिणाम काय होतो ते एका निकालातून दिसते. ग्रीसमधल्या एका लष्करी डॉक्टरने मुदतीआधी सेवा सोडली, तेव्हा राज्याने त्याच्याकडून एक लाख युरोंहून अधिक रक्कम मागितली. २०१५ साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ही वागणूक सक्तीच्या श्रमांविरुद्धच्या कलमाचा भंग करणारी ठरवली. लष्करी सेवेचा अपवाद सक्तीच्या सेवेपुरता आहे, पेशा म्हणून आलेल्या सैनिकाला तो लागू होत नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. म्हणजे वेठीविरुद्धचे संरक्षण निवड करून आलेल्याला आहे, आणि ज्याला निवडच नव्हती तो त्या संरक्षणाबाहेर आहे. कायद्याची अंतर्गत संगती मला समजते. पण ज्याला हे संरक्षण नाही त्याच्या वेतनाकडे तरी राज्याने अधिक काळजीने पाहायला हवे, हा निष्कर्ष मला त्यातून अटळ वाटतो.

करारातल्या 'निव्वळ लष्करी' या अटीकडेही लक्ष वेधतो. सक्तीच्या सैनिकाला बांधकामावर, शेतीवर किंवा कारखान्यात लावले तर तो अपवाद लागू राहत नाही. स्वस्त मनुष्यबळ हाताशी असले की असा मोह होतो, आणि कमी वेतन हे त्या मोहाचे मूळ आहे.

वाटाड्या

इतिहासातही हा वाद जुना आहे. नागरिक-सैनिकाला वेतन द्यायला रोमने परंपरेनुसार इ. स. पू. ४०६ साली, शेजारच्या व्हेई शहराशी झालेल्या युद्धाच्या वेळी सुरुवात केली, कारण लांबणाऱ्या वेढ्यात शेतकरी सैनिक शेताकडे परतू शकत नसत. वेतनाचा उगम शौर्याचे बक्षीस म्हणून झाला नाही. घराची चूल चालू ठेवण्यासाठी झाला.

पण या चर्चेला सर्वांत जवळचे उदाहरण मला अमेरिकन यादवी युद्धातले वाटते. तिथे दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. १८६३ च्या भरती कायद्यात ३०० डॉलर भरून सुटका करून घेण्याची सोय होती. साध्या मजुराची जवळजवळ वर्षाची कमाई तेवढी असे, तर सैन्यातल्या शिपायाला महिना १३ डॉलर मिळत. त्याच वर्षी जुलैत न्यू यॉर्कमध्ये भीषण दंगे झाले, आणि त्या रागाचे सर्वांत मोठे बळी शहरातले कृष्णवर्णीय नागरिक ठरले, ज्यांचा या कायद्याशी काहीही संबंध नव्हता.

दुसरी गोष्ट सैन्याच्या आत घडत होती. कृष्णवर्णीय सैनिकांना १० डॉलर ठरवले होते आणि त्यातूनही ३ डॉलर कपड्यांसाठी कापले जात. अशाच सैनिकांच्या चोपन्नाव्या मॅसॅच्युसेट्स पलटणीने हे वेतन घ्यायलाच नकार दिला. मॅसॅच्युसेट्स राज्याने फरकाची रक्कम स्वतः भरून देण्याची तयारी दाखवली, तीही त्यांनी नाकारली. घरी बायकामुलांचे हाल होत असताना पलटण विनावेतन लढत राहिली, आणि जून १८६४ मध्ये काँग्रेसने समान वेतनाचा कायदा केला. त्यांना कमी पडत होते ते नुसते डॉलर नव्हते, हे राज्याची भरपाई नाकारण्यावरून स्पष्ट होते.

शतपावली

वाटाड्या, उदाहरण हेलावणारे आहे, पण ते वंशभेदाचे आहे. पेशेवर आणि सक्तीचा सैनिक यांच्यातला फरक माणसाच्या जन्मावर नसतो, करारावर असतो. दोन्ही एका तागडीत घालू नयेत असे मला वाटते.

वाटाड्या

शतपावली, आक्षेप योग्य आहे. अन्यायाची जात वेगळी आहे हे मान्य. मी साम्य पाहतो ते इतकेच: वेतनपत्रक हे सैन्यात दर्जाचे जाहीर पत्रक असते, आणि सैनिक ते तसेच वाचतो.

सरोवरकाठ

स्वित्झर्लंडची पद्धत कोणी सांगितली नाही म्हणून लिहिते. तिथल्या एका छोट्या उद्योगात मी काही वर्षे पगारपत्रकांचे काम करीत होते.

तिथे सक्तीच्या सैनिकाला सैन्याकडून मिळणारा रोजचा पगार अगदीच किरकोळ असतो. खरा आधार वेगळाच आहे. नोकरी करणारा माणूस प्राथमिक प्रशिक्षणानंतरच्या नेहमीच्या सेवेवर गेला की त्याच्या आधीच्या उत्पन्नाच्या ८० टक्के रक्कम, ठरलेल्या कमाल मर्यादेत, एका सामाजिक विमा निधीतून मिळते. या निधीत सगळे नोकरदार आणि मालक पगाराच्या प्रमाणात भर घालतात. ज्यांना कधीच सेवा करावी लागत नाही त्या स्त्रियाही. आमच्याकडे हे असे चाले: सेवा संपली की पलटणीचा हिशेब ठेवणारा 'फुरियर' सैनिकाच्या हातात एक अर्ज देई, त्यावर सेवेचे दिवस लिहिलेले असत. सोमवारी तो मुलगा कामावर आला की आधी माझ्या मेजावर तो अर्ज ठेवी, बहुतेक वेळा घडी पडून चुरगळलेला. मी त्यावर त्याचा आधीचा पगार भरी, शिक्का मारी आणि निधीकडे पाठवी. मालकाने सेवेच्या काळात पगार चालू ठेवला असेल तर भरपाई मालकाकडे येई.

ही व्यवस्था १९४० साली सुरू झाली, आणि तिच्यामागे आधीच्या महायुद्धाची कडू आठवण होती. तेव्हा पुरुष सीमेवर महिनोन्महिने उभे होते आणि भरपाईची सोय नसल्यामुळे त्यांची कुटुंबे दारिद्र्यात ढकलली गेली होती; १९१८ च्या सार्वत्रिक संपामागच्या असंतोषात याचाही वाटा होता.

आणखी एक भाग आहे. सेवेचे बंधन असूनही जो ती करत नाही त्याला करपात्र उत्पन्नाच्या ३ टक्के, किमान ४०० फ्रँक, असा वार्षिक कर काही वर्षे भरावा लागतो. हिशेबनीस म्हणतात तो छुपा कर तिथे निदान अर्धा तरी उघड झालेला आहे.

हिशेबनीस

सरोवरकाठ, उत्तम माहिती. पण यात एक नवी विषमता शिरते, ती नोंदवतो. आधीच्या उत्पन्नाच्या प्रमाणात भरपाई दिली तर एकाच खंदकातल्या बँक कर्मचाऱ्याला जास्त आणि सुताराच्या हाताखालच्या उमेदवाराला कमी मिळते. नुकसानीच्या दृष्टीने ते बरोबर आहे, कामाच्या दृष्टीने नाही. 'तुझे किती बुडाले' आणि 'तू काय केलेस' या दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत आणि त्या एकाच आकड्यात बसत नाहीत.

जुनापहारेकरी

हाच तर माझा मुद्दा होता, फक्त मला तो इतक्या नीट मांडता आला नव्हता.

निवांतक्षण

युक्रेनचे उदाहरण कोणी घेतले नाही, म्हणून लिहितो. तिथे आघाडीवर प्रत्यक्ष लढणाऱ्याला महिना १ लाख रिव्निया इतका जास्तीचा मोबदला ठरवला गेला, आणि तो करारावर आलेल्याला आणि बोलावून आणलेल्याला सारखाच आहे. युद्धाच्या काळात जोखमीचे पैसे समान ठेवता येतात, हे यावरून दिसते.

पण २०२५ च्या फेब्रुवारीत सरकारने १८ ते २४ वयाच्या तरुणांसाठी एक वर्षाचा करार जाहीर केला. त्यात हप्त्याहप्त्याने १० लाख रिव्नियांचे बक्षीस, आणि वर्ष संपल्यावर वर्षभर सक्तीच्या भरतीतून सूट. २०२२ पासून आघाडीवर असलेल्या, सेवा संपण्याची तारीखच नसलेल्या सैनिकांमध्ये यावरून नाराजी पसरली, आणि ती मला समजते. नव्या मुलाला जास्त पैसे मिळाले याचा राग होताच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याला मिळालेली परतीची तारीख. वेतनाच्या न्यायात मुदत मोजलीच पाहिजे. ज्याला कधी सुटका होणार हे ठाऊक नाही, त्याचा महिना आणि ज्याला ठाऊक आहे त्याचा महिना सारखा नसतो.

उलट चित्र रशियाचे. २०२२ साली जमवाजमव करून नेलेल्या नागरिकांना करारावरच्या सैनिकांचा दर्जा आणि महिना किमान १,९५,००० रुबल देण्यात आले, पण नेहमीच्या सक्तीच्या सेवेतल्या मुलांचे मूळ वेतन दोन-तीन हजार रुबलांच्या घरातच राहिले. ही मुले लढाईवर जात नाहीत, असे त्याचे समर्थन होते. ऑगस्ट २०२४ मध्ये युक्रेनचे सैन्य रशियाच्या कुर्स्क प्रांतात शिरले तेव्हा सीमेवर हीच मुले होती आणि त्यांतली कित्येक युद्धकैदी झाली. कागदावर 'लढाऊ नाही' अशी नोंद असली म्हणून गोळी चुकत नाही.

अनुस्वार

निवांतक्षण यांच्या मुदतीच्या मुद्द्याशी पूर्ण सहमत.

सांजपाखरू

पगाराइतकाच, किंबहुना जास्त महत्त्वाचा एक मुद्दा राहून गेला आहे, तो जखमी झाल्यानंतरचा. मी अपंगांच्या पुनर्वसनाच्या क्षेत्रात काम करते. अपंगत्वाचे निवृत्तिवेतन जर शेवटच्या वेतनाच्या टक्केवारीने ठरत असेल, तर सक्तीच्या सैनिकाचे कमी वेतन त्याला जन्मभर भोवते. एकाच स्फोटात दोघांचा उजवा हात गेला, तर पेशेवर सैनिकाला त्याच्या पगाराच्या प्रमाणात रक्कम मिळते आणि एकोणीस वर्षांच्या मुलाला वरखर्चाच्या प्रमाणात. त्यातही पहिल्याच्या हाती निदान एक पेशा आणि ओळखीची यंत्रणा असते. दुसऱ्याने तर अजून कमवायला सुरुवातही केलेली नसते, त्यामुळे 'आधीचे उत्पन्न' हा सरोवरकाठ यांनी सांगितलेला आधारही त्याच्याजवळ नसतो.

म्हणून वेतन काहीही ठेवा, पण इजा आणि मृत्यूची भरपाई हुद्दा, वेतन आणि भरतीचा प्रकार यांच्यापासून पूर्णपणे वेगळी काढा. हात सगळ्यांचा सारखाच असतो.

जुनापहारेकरी

सांजपाखरू, याबाबत कोणताही सैनिक तुमच्या विरोधात जाणार नाही. माझ्या पलटणीतले कोणीही गेले नसते.

शतपावली

पैशांऐवजी इतर सवलती द्याव्यात, असेही अनेक जण सुचवतात. सरकारी परीक्षेत जास्तीचे गुण, शिक्षणात सवलत वगैरे. त्यात तिजोरीवर भारही कमी पडतो.

पैलतीर

शतपावली, कोरियात नेमके हेच होते. सेवा पूर्ण केलेल्यांना सरकारी नोकरीच्या परीक्षेत ३ ते ५ टक्के जास्तीचे गुण मिळत. डिसेंबर १९९९ मध्ये घटनात्मक न्यायालयाने ती पद्धत रद्द केली, कारण तिचा भार स्त्रियांवर आणि सेवा करू न शकणाऱ्या अपंगांवर पडत होता. चढाओढीच्या परीक्षेत दोन-तीन गुणांनी नोकरी जाते. तिजोरीवरचा भार कमी झाला, पण तो नाहीसा झाला नव्हता, परीक्षेला बसलेल्या मुलीच्या डोक्यावर गेला होता. त्यावरून तिथे पेटलेला वाद आजही शमलेला नाही.

शिक्षणाची मदत वेगळी. अमेरिकेने १९४४ च्या कायद्याने परतलेल्या सैनिकांना शिक्षण आणि घरासाठी जी मदत दिली, ती सगळ्या करदात्यांच्या पैशांतून दिली आणि सक्तीने गेलेला की स्वेच्छेने, असा भेद त्यात नव्हता.

हिशेबनीस

पैलतीर यांना पूरक एक गोष्ट. सेवेचे नुकसान सेवेबरोबर संपत नाही. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकेत सोडत पद्धतीने भरती होत असे, त्यामुळे कोण गेले आणि कोण नाही हे बऱ्याच अंशी नशिबावर ठरले. अर्थशास्त्रज्ञ जोशुआ अँग्रिस्ट यांनी १९९० साली त्याच सोडतीच्या आधारे दाखवले की १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला श्वेतवर्णीय माजी सैनिकांची कमाई न गेलेल्यांपेक्षा सुमारे १५ टक्के कमी होती. म्हणजे परतल्यानंतर दहा वर्षे उलटली तरी खड्डा भरलेला नव्हता. कायम सैनिकाला बढतीची शिडी सैन्यातच असते. सक्तीच्या सैनिकाची शिडी बाहेर असते आणि तिच्या खालच्या पायऱ्या त्याच्या गैरहजेरीत इतरांनी चढलेल्या असतात.

कलमदान

निवृत्तिवेतनाच्या हिशेबातही हा काळ धरला जायला हवा. सरोवरकाठ, स्वित्झर्लंडमध्ये तो धरतात ना?

सरोवरकाठ

हो, कलमदान. भरपाईच्या रकमेतून वृद्धापकाळ विम्याची वर्गणी नेहमीच्या पगाराप्रमाणेच कापली जाते, त्यामुळे त्या खात्यात खंड पडत नाही. माझ्या पगारपत्रकात ती रांग रिकामी राहिलेली मी कधी पाहिली नाही.

दीर्घिका

सर्वांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे परत येते, कारण इतक्या प्रतिसादांनंतर मला तो सुटा सुटा दिसू लागला आहे.

जोखीम भत्ता, इजेची भरपाई आणि मृत्यूनंतर कुटुंबाला मिळणारी रक्कम यांत शेवटच्या पैशापर्यंत समानता हवी, आणि यावर इथे कोणाचाच विरोध नाही असे दिसते. भत्ता चौकीच्या नावाने ठरवावा, तिथे कोण उभा आहे हे पाहू नये. कुर्स्कसारखा प्रसंग आला तर त्या दिवसापासून तो आपोआप लागू व्हावा. सेवाज्येष्ठता, बदली आणि कौशल्याचे पैसे पेशेवर सैनिकाचे आहेत आणि त्याचेच राहावेत, हे जुनापहारेकरी काकांचे म्हणणे मी मान्य करते.

मूळ वेतनावर मात्र मी ठाम आहे. सक्तीच्या सैनिकाला निदान त्या देशातल्या किमान वेतनाइतके मिळालेच पाहिजे. राज्य खाजगी मालकाला ज्या रकमेखाली माणूस राबवू देत नाही, त्या रकमेखाली ते स्वतः माणूस राबवते आणि वर त्याला कामावरून निघून जाण्याचीही मुभा देत नाही. याचे समर्थन मला अजून कोणाच्या प्रतिसादात सापडलेले नाही.

जुनापहारेकरी

समर्थन म्हणाल तर एक आहे, दीर्घिका. राज्य त्याला जेवण, कपडे, निवास आणि औषधपाणी देते. खाजगी मालक ते देत नाही. त्याची किंमत धरून किमान वेतनाशी तुलना करावी, मग दरी तुम्ही म्हणता तितकी राहत नाही.

दीर्घिका

काका, ते धरायला माझी हरकत नाही. पण मग कायम सैनिकाच्या बराकीतले जेवण आणि निवासही त्याच दराने धरावे लागेल. आणि ज्या सैनिकाचे आईवडील त्याच्या कमाईवर अवलंबून आहेत, त्यांच्यापर्यंत बराकीतले ताट पोहोचत नाही. कुटुंब अवलंबून असेल तर वेगळा कुटुंब भत्ता दोघांनाही सारखाच असावा, एवढे तरी तुम्ही मान्य कराल असे वाटते.

जुनापहारेकरी

कुटुंब भत्ता मान्य आहे. मूळ वेतनावर आपले मतभेद राहू देत. पैलतीर यांनी सांगितलेला हासाचा पेच सुटल्याशिवाय मी त्या बाजूला येणार नाही, कारण पथक सांभाळणारा अनुभवी माणूस नाराज होऊन निघून गेला तर पहिला तोटा त्या सक्तीने आलेल्या मुलाचाच होतो. त्याला जिवंत ठेवायला शिकवणारा तोच असतो.

पैलतीर

त्या पेचावर कोरियात सध्या हासा आणि कनिष्ठ अधिकाऱ्यांचे वेतन वाढवण्याचीच मागणी जोरात आहे. मुलांचे वेतन परत कमी करा असे म्हणणारे फारसे भेटत नाहीत. आणि बचतीच्या योजनेबद्दल एक सांगायचे राहिले. पूर्ण मुदतभर कमाल रक्कम टाकत गेले तर सुटण्याच्या दिवशी सरकारच्या भरीसह सुमारे २ कोटी वोन हातात येतात. माझ्या ओळखीतल्या मुलांनी ते विद्यापीठाच्या शुल्कासाठी किंवा भाड्याच्या खोलीच्या अनामत रकमेसाठी वापरले. पूर्वी त्यासाठी बाहेर पडल्याबरोबर मिळेल ते काम धरावे लागे आणि शिक्षण आणखी वर्षभर लांबे.